जुना स्टिरिओ ठेवायचा की दर तीन वर्षांनी नवा घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका घरात वडिलांनी १९८७ साली घेतलेला स्टिरिओ आहे. चॅनलमागे ४० वॅटचा अँप्लिफायर, आठ इंची वूफरचे (खालचे सूर देणाऱ्या मोठ्या शंकूचे) दोन स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर आणि नंतर जोडलेला सीडी प्लेअर. आता डावा स्पीकर मधूनच गप्प होतो आणि आवाज मोठा केला की पुन्हा बोलू लागतो. नॉब फिरवला की खरखर होते, गाणं थांबलं की घूंऽऽ ऐकू येतं आणि एका वूफरची कड फाटली आहे. धाकट्या भावाने नऊ वर्षांत तीन साउंडबार बदलले. त्याचं म्हणणं, हा संच एक्सचेंजमध्ये द्यावा, दुकानदार तीन हजार धरतोय. घरात शास्त्रीय गाणं आणि नाट्यसंगीत जास्त ऐकलं जातं. ठेवावा की द्यावा?

ठेवा. स्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्त करून घ्या, सीडी प्लेअर चालतोय तोवर चालू द्या, आणि मोबाइलवरचं गाणं ऐकायला एक छोटा ब्लूटूथ किंवा वायफाय रिसीव्हर मागे जोडा. वडिलांची आठवण हे कारण पुरेसं आहेच. पण ते बाजूला ठेवलं तरी हिशेब याच बाजूला झुकतो.

संचातले सगळे भाग एका वेगाने म्हातारे होत नाहीत. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, स्पीकरचं लाकडी खोकं आणि चुंबक यांना पस्तीस-चाळीस वर्षं म्हणजे काहीच नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, रिले, नॉबमधली कार्बनची पट्टी, वूफरचा फोम आणि रबरी पट्टे पंधरा ते तीस वर्षांत दमतात. पण हे सुटे भाग आजही मिळतात आणि स्वस्त आहेत. तिसरा गट न बिघडताच जुना होतो: ब्लूटूथ, वायफाय, कंपनीचं ॲप, एचडीएमआय. एचडीएमआयमध्ये एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच तारेतून उलट साउंडबारकडे नेण्याची सोय, २००९ साली १.४ आवृत्तीबरोबर आली, तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी २०१७ साली २.१ बरोबर. मधल्या काळात फोर-के चित्रासाठी एचडीसीपी २.२ हे नकलेपासून संरक्षण देणारं कुलूप आलं, आणि त्याआधीचे महागडे एव्ही रिसीव्हर आतला अँप्लिफायर ठणठणीत असतानाही ते चित्र पुढे पाठवेनासे झाले. साउंडबारमध्ये हे तिन्ही गट एकाच खोक्यात असतात. त्यामुळे सगळ्यात कच्चा भाग जितका टिकेल तितकंच अख्ख्या खोक्याचं आयुष्य. तीन वर्षांनी बोर्ड गेला की बोर्डच बदलायचा, तो मिळत नसला की सगळंच टाकायचं. भावाचे तीन साउंडबार असेच गेले असणार.

उलट तुमच्या अँप्लिफायरच्या मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटमध्ये १९८७ सालचं कॅसेट डेक लागायचं, तसाच आजचा कुठलाही रिसीव्हर लागतो. एकच फरक जाणवेल. सीडी प्लेअर आणि आजचे डॅक (डिजिटल सिग्नलचा अँप्लिफायरला चालेल असा सिग्नल करणारे डबे) साधारण २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतात आणि जुन्या अँप्लिफायरला दीडशे-दोनशे मिलिव्होल्टही पुरत. म्हणून नॉब घड्याळातल्या नऊच्या जागी आला की आवाज बराच मोठा होतो. यात बिघाड काही नाही. रिसीव्हरमध्ये सिग्नल कमी करायची सोय असेल तर थोडा कमी करून घ्या, म्हणजे नॉब हळूहळू फिरवता येईल.

आता दुखणी. डावा स्पीकर गप्प होणं आणि आवाज वाढवल्यावर परत येणं, हे बहुतेक वेळा स्पीकर प्रोटेक्शन रिलेचं, म्हणजे बिघाड झाला तर स्पीकर तोडणाऱ्या आपोआप स्विचचं काम असतं. स्विच चालू केल्यावर तीन ते पाच सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो ना, तोच रिले. त्याच्या संपर्कांवर काळी पुटं धरतात. हळू आवाजाचा सिग्नल त्यातून पार होत नाही, मोठ्याला होतो. बरेच कारागीर झाकण काढून पॉलिश पेपर मारतात. चार-सहा महिने बरं चालतं, पण वरचा मुलामा निघून गेल्यामुळे नंतर लवकर बिघडतं. नवाच बसवायला सांगा. जुन्यावर कॉइलचा व्होल्टेज छापलेला असतो, बहुधा २४ व्होल्ट. तो, संपर्कांचे जोड आणि पायांची मांडणी हुबेहूब जुळली पाहिजे. रिलेआधी एक सोपी परीक्षा करा: डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा अँप्लिफायरकडच्या टोकाला अदलाबदल करा. गप्प होणं उजवीकडे गेलं तर दोष अँप्लिफायरमध्ये, डावीकडेच राहिलं तर स्पीकरमध्ये किंवा तारेत.

खरखर म्हणजे नॉबमधली धूळ. प्लग काढून, व्हॉल्यूमच्या मागच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा द्या, दोन्ही टोकांपर्यंत वीस-तीस वेळा फिरवा आणि तासभर सुकू द्या. गंजासाठी वापरतात ते तेलकट स्प्रे इथे मारू नका, त्यांचा थर राहतो आणि त्यावर धूळ दुप्पट बसते. खरखर आठवड्यात परत आली तर मल्टिमीटरने नॉबच्या पायांवर डीसी व्होल्टेज बघायला सांगा. चार-पाच मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधीचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त गाणं पुढे सोडणारा) गळतोय, आणि तो बदलेपर्यंत कितीही स्प्रे मारा, उपयोग नाही. नॉबच बदलायची वेळ आली तर त्यावरचं अक्षर पाहा. जपानी-आशियाई पद्धतीत ‘ए’ म्हणजे ऑडिओसाठीचा लॉग (कानाला सारखा वाढत जाणारा) आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर. १००के ए च्या जागी १००के बी बसवला की पहिल्या पाव फेरीतच घर दणाणतं आणि पुढे फिरवून फरक पडत नाही. ही चूक फार होते, कारण दुकानात ‘बी’ सहज मिळतो.

घूं आवाजाचं निदान कान देऊन करता येतं. व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरी आवाज तितकाच राहिला तर तो पॉवर सप्लायकडून येतोय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर ती लाट १०० हर्ट्झची होते, आणि ती सपाट करणारे दोन मोठे कपॅसिटर दमले की ती स्पीकरपर्यंत पोहोचते. व्हॉल्यूमबरोबर आवाज कमी-जास्त झाला तर तो आधीच्या टप्प्यात आहे, म्हणजे एखादी आरसीए तार, रेकॉर्ड प्लेअरची सुटलेली अर्थची बारीक तार, किंवा डीटीएचच्या केबलमधून आलेला ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने तयार होणारा फेरा). मागच्या सगळ्या तारा काढा आणि एकेक परत लावत जा. जी लावल्यावर घूं सुरू होतं ती गुन्हेगार. घराचं अर्थिंगही एकदा बघून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मोठे कपॅसिटर बदलताना व्होल्टेज जुन्याइतका किंवा त्यावरचा घ्या, मायक्रोफॅरड जुन्याइतके किंवा थोडे जास्त. ४७०० च्या जागी ६८०० चालेल. २२००० टाकला तर ‘बास भरपूर येईल’ असं कोणी म्हणेल, पण चालू करतानाच्या एकदम ओढल्या जाणाऱ्या करंटने फ्यूज किंवा रेक्टिफायर जाऊ शकतो. आणि हट्टाने १०५ अंशांचेच मागा. कारण हिशेबाचं आहे. कपॅसिटर जितका दहा अंश थंड तितकं त्याचं आयुष्य दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात इंदूरच्या खोलीत ३८ अंश आणि खोक्याच्या आत त्यावर सतरा-अठरा अंश धरले तर कपॅसिटर ५५ अंशांवर काम करतो. ८५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर तिथे आठपट, म्हणजे १६,००० तास टिकेल. रोज तीन तास ऐकलं तर साडेचौदा वर्षं. १०५ अंशांचा त्याच तासांचा बत्तीसपट, म्हणजे ६४,००० तास. रबरी बूच त्याआधी सुकेल, त्यामुळे अठ्ठावन्न वर्षांचं आश्वासन कोणी देऊ नये. पण फरक दोघांच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. याच कारणासाठी अँप्लिफायरवर सीडी प्लेअर, त्यावर विणलेला रुमाल आणि वर गणपती अशी उतरंड रचू नका. वरच्या जाळीवर निदान चार इंच मोकळी हवा हवी.

झाकण स्वतः उघडणार असाल तर प्लग काढूनही मोठे कपॅसिटर भरलेले राहतात हे लक्षात ठेवा. १०० ते २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर त्यांच्या दोन टोकांना काही सेकंद धरून रिकामे करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नको. हे हाताला नवीन असेल तर उघडूच नका, कारागिराकडे न्या.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावलाच पाहिजे. ६० किंवा १०० वॅटचा जुन्या तारेचा बल्ब अँप्लिफायरच्या फेजमध्ये मालिकेत. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच झगझगत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बने तुमचे पॉवर ट्रान्झिस्टर वाचवले. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. नंतर बल्ब काढून, स्पीकर न जोडता, दहा मिनिटं गरम झाल्यावर स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडा. १०० च्या वर असेल तर आधी कारण शोधा. सरळ दोन-चार व्होल्ट दिसले आणि स्पीकर जोडला तर वूफरची कॉइल मिनिटांत जळते. आतल्या बोर्डावरचे छोटे प्रीसेट (स्क्रूने फिरवायचे नॉब) कोणालाही अंदाजाने फिरवू देऊ नका. बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट, बघायचाच असेल तर एमिटर रेझिस्टरवर (०.२२ ते ०.४७ ओहमचे पांढरे चौकोनी) मिलिव्होल्ट मोजून, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायचा. चाळीस वर्षं एका जागी बसलेला प्रीसेट हलवला की त्याचा संपर्क सुटू शकतो, आणि मग आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात.

सुट्या भागांसाठी महाराणी रोड आणि जेल रोडची दुकानं आहेतच. रिले, कपॅसिटर, नॉब तिथे बघून घ्या. पॉवर ट्रान्झिस्टरच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. २एन३०५५, २एससी५२००, २एसए१९४३ यांच्या नकली प्रती भरपूर फिरतात. वर छाप बरोबर, आत सिलिकॉनचा तुकडा छोटा, आणि पहिल्या मोठ्या सूरात शॉर्ट. एसटीके मालिकेतल्या जाड आयसींची (ज्यांत अख्खा आउटपुट अँप्लिफायर एका तुकड्यात असतो) तीच गत. म्हणून अँप्लिफायर उघडल्यावर आधी एवढंच बघायला सांगा: आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर आहेत की एसटीके? सुटे असतील तर संच अजून पिढीभर चालवता येतो. एसटीके असेल आणि चालू असेल तर त्याला हात न लावता बाकी दुरुस्ती करा, जळलेला असेल तर खर्चाआधी दोनदा विचार करा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मागा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

स्पीकर हा या संचातला सगळ्यात मोलाचा भाग, आणि तिथली दुरुस्ती सगळ्यात समाधानाची. आधी कड कसली आहे ते बघा. बोटाने हलकं दाबल्यावर भुगा झाला तर फोम. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेने पंधरा-वीस वर्षांत कुजतोच, वापरा किंवा न वापरा. कापडाची किंवा रबराची कड असेल तर ती बहुधा अजून ठीक असेल आणि फाटलेली जागा तेवढी सांधता येईल. फोम असेल तर दोन्ही वूफरचा बदला. एकाच बाजूचा बदलला तर दोघांचा खालचा आवाज जुळत नाही. मोजमाप तीन ठिकाणी घ्यायचं: कोनाचा (स्पीकरच्या शंकूचा) बाहेरचा व्यास, कडेच्या गोल घडीची रुंदी, आणि फ्रेमवर जिथे कड चिकटते तिथला व्यास. ‘आठ इंची’ एवढं सांगून आणलेली रिंग अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे निघते आणि मग ती ताणून चिकटवण्याचा मोह होतो. तिथेच वूफर बिघडतो.

जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून, बोथट चाकूने, घाई न करता काढा. कागदी कोनाला अल्कोहोल थोडंच लावा. मग मधली गोल टोपी धारदार ब्लेडने कडेने कापून उचला. खाली कॉइल आणि चुंबकाच्या मधल्या खांबामधली फट दिसते, जेमतेम कार्डाच्या जाडीची. तिच्यात जुन्या एक्स-रे फिल्मच्या बोटभर रुंद चार पट्ट्या चार बाजूंनी सारख्या सरकवा. कॉइल मध्यावर धरून ठेवणं हेच या सगळ्या कामाचं मर्म. आता लवचीक राहणारा पांढरा स्पीकर-गोंद लावून आधी आतली कड कोनावर चिकटवा, ती सुकल्यावरच बाहेरची फ्रेमवर, आणि २४ तास हात लावू नका. झटपट चिकटणारा सुपरग्लू काचेसारखा कडक होतो आणि महिन्याभरात तडकतो. पट्ट्या काढल्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन समोरासमोरून हळूच आत दाबा आणि कान जवळ न्या. एकही खर्र ऐकू येता कामा नये. नंतर टोपी चिकटवा. पॅक करण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचा अधिक लाल टर्मिनलला लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे, दोन्हींचा. एक आत गेला तर तारा उलट जोडल्या आहेत आणि बास नाहीसा होईल. मीटरवर ८ ओहमचा वूफर साडेपाच ते सात ओहम दाखवतो, हे बरोबर आहे, घाबरू नका.

वूफर बाहेर आहे तोवर क्रॉसओव्हरच्या (खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या) पाटीवरचे छोटे नॉन-पोलर कपॅसिटरही बदला. ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, ‘दबला’ वाटतो तो बहुधा यांच्यामुळे. मूल्य छापलेलं तेच घ्या, ४.७ असेल तर ४.७.

आता त्या प्रश्नाकडे, जो खरं तर भावाचा आहे: नवं घेतल्यावर जास्त चांगलं नाही का ऐकू येणार? दुकानात ऐकवताना नवी वस्तू थोडी मोठ्याने वाजवली जाते, आणि एक डेसिबल मोठा आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दोन अँप्लिफायरची तुलना करायची तर १०० ते २०० हर्ट्झचा एक सूर लावून दोन्हींची स्पीकर टर्मिनलवरची एसी व्होल्टेज मीटरने जुळवा, १.०० व्होल्टला ०.९९ ते १.०१. (साधे मीटर ४०० हर्ट्झच्या वर चुकीचं दाखवतात, म्हणून १००० हर्ट्झचा सूर घेऊ नका.) मग कुणाला तरी तारा बदलायला सांगा आणि पाठ करून ऐका. ताकदीच्या आत चालणारे दोन नीट अँप्लिफायर ओळखणं फार अवघड जातं. स्पीकर बदलले तर कोणालाही कळतं. पैसा कुठे लावायचा ते यातून ठरतं.

वॅटांचंही तसंच. ४० वरून ८० वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट, ४०० वॅट लागतील. ८८ डेसिबलचा स्पीकर एका वॅटमध्ये एका मीटरवर ८८ डेसिबल देतो, आणि घरात संध्याकाळी आपण एका वॅटच्या आसपासच ऐकत असतो. पीएमपीओ हा जाहिरातीतला फुगवलेला वॅटांचा आकडा तर मनातून काढूनच टाका. मागच्या पाटीवर ‘पॉवर कन्झम्प्शन ६० वॅट’ आणि खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ असं असेल तर पहिला आकडा खरा.

शास्त्रीय गाणं ऐकता म्हणून एक परीक्षा सुचवतो. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) आपल्या इंदूर घराण्याचे. त्यांचा मंद्रातला विलंबित आलाप लावा आणि गाण्याकडे नाही, मागच्या तानपुऱ्याकडे लक्ष द्या. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला असेल तर तो १३९ हर्ट्झच्या जवळ, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या जवळ. साउंडबारमधले दोन-अडीच इंची स्पीकर तिथपर्यंत उतरत नाहीत. जवारीचे (तारेच्या झंकाराचे) वरचे नाद ऐकून कान खर्ज मनानेच पुरा करतो, त्यामुळे तार ऐकू ‘येते’, पण तिचा भार जाणवत नाही. वेगळा सबवूफर असेल तर खर्ज कोपऱ्यातून आणि जवारी समोरून असा तानपुरा दोन जागी फाटतो. तुमचा आठ इंची वूफर कड नीट झाल्यावर हा सूर एका जागेवरून, सहज देतो. साउंडबारची बातम्या आणि मालिकांसाठी सोय आहे हे मान्य, पण या गाण्याला तो पुरत नाही.

खोलीला मात्र दोन गोष्टी द्या, त्या फुकट आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत लांबीमुळे ४७-४८ आणि रुंदीमुळे ५७ हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबले की तो आणखी फुगतो आणि तबल्याचा बायाँ नुसता घुमतो. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणा, दोघांमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर बसा, आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, जमिनीपासून तीन फुटांवर ठेवा. टाइल्सच्या फरशीवर जाड सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा. हे करून आठवडाभर ऐकल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

रेकॉर्ड प्लेअरबद्दल थोडंच. सुई ५०० ते १००० तासांची असते. शेवटची कधी बदलली ते आठवत नसेल तर बदला, कारण झिजलेली सुई रेकॉर्डच कापते. सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या भागाच्या) कागदावर असेल तोच, बहुतेकांचा दीड ते दोन ग्रॅम. घरात ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना जाड सुई वेगळी लागते, एलपीची सुई त्या खोबणीच्या तळाला घासते. कोणी अमेरिकेतून जुना प्लेअर आणून देऊ म्हणालं तर विचारा की मोटर ६० हर्ट्झवर चालते का. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. तसला प्लेअर इथे ३३⅓ ऐवजी पावणेअठ्ठावीस फेऱ्यांनी फिरेल आणि सगळे गायक जवळपास तीन अर्धे सूर खाली गातील.

कधी द्यावा, हेही सांगायला हवं. ट्रान्सफॉर्मर जळला असेल आणि मूळ व्होल्टेज कळायला मॅन्युअल नसेल, बोर्ड जळून कोळसा झाला असेल, एसटीके गेला असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च तशाच ताकदीच्या नव्या अँप्लिफायरच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर अँप्लिफायर बदला. स्पीकर तेव्हाही ठेवा. तुमच्या यादीतलं एकही दुखणं या जातीचं नाही. आणि बदललाच तर जुना भंगारवाल्याला तांब्याच्या भावाने देऊ नका. सोल्डरमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास शिसं असतं आणि ते उघड्यावर जाळलं जातं. ई-कचरा वेगळा द्यायचा असतो, नगर निगमच्या गाडीला तसं सांगून द्या.

माळव्याच्या हवेत सांभाळायचं ते एवढंच: पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, आतली ओल उडते. संच भिंतीला टेकवू नका. उबेसाठी पाल आणि झुरळं मागच्या फटीतून आत शिरतात, आणि पाल दोन टर्मिनलवर आडवी पडली की आउटपुट ट्रान्झिस्टरसकट जाते. मागच्या मोठ्या फटींना आतून बारीक जाळी लावा, फक्त हवा अडवू नका. गडगडाट सुरू झाला की स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि डीटीएचची केबलही काढा, वीज त्या वाटेनेही येते. विजेच्या बिलाची भीती घातली जाते तीही मोजून बघा. असा अँप्लिफायर रिकामा ४० वॅट खात असेल तर रोज तीन तासांचे वर्षाला ४४ युनिट होतात.

राहिला टीव्ही. भावाला टीव्हीचा आवाज मोठा हवा असेल तर चौथ्या साउंडबारआधी हे करून बघू द्या. बहुतेक टीव्हींच्या मागे ऑप्टिकल आउट असतं, तिथून एक साधा डॅक, आणि डॅकच्या आरसीएमधून तुमच्या अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये. ‘फोनो’त, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या सॉकेटमध्ये, लावू नका, तिथे आवाज फाटेल. जोडल्यावर काहीच ऐकू आलं नाही तर डॅक परत करायला पळू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ ‘डॉल्बी’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर असतो. तो साध्या डॅकला कळणाऱ्या ‘पीसीएम’वर करा.